पडद्याचा उजेड मंदावतो तेव्हा

गेल्या दिवाळीनंतर मला माझ्या डोळ्यांचाच संशय येऊ लागला. संध्याकाळी लॅपटॉपवर निबंध लिहायला बसले, की अक्षरे मळकट दिसत. "नंबर वाढला असेल," आईचे ठाम मत. तपासून घेतला, तर नंबर होता तेवढाच! पुढे मैत्रिणीच्या नव्या लॅपटॉपशेजारी माझा ठेवला, तेव्हा खरा प्रकार ध्यानात आला. तिचा पडदा पांढराशुभ्र, तर दादाने आठ वर्षे वापरून मला दिलेला पडदा जुन्या धोतरासारखा पिवळट. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यात नाक का खुपसावे, असे कुणी विचारील. परंतु नवा लॅपटॉप म्हणजे आमच्या घरी वर्षभराच्या फीहून मोठा खर्च. तेव्हा खुपसणे भागच होते.

वस्तुतः लॅपटॉपचा नेहमीचा पडदा स्वतः प्रकाशत नाही. त्यातील द्रव-स्फटिक केवळ झडपांचे काम करतात. मागून येणारा उजेड कुठे जाऊ द्यायचा आणि कुठे अडवायचा, एवढेच ते ठरवतात. (हे द्रव-स्फटिक १८८८ साली राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातील द्रव्याचा अभ्यास करताना गवसले!) म्हातारपण येते ते मुख्यतः मागच्या दिव्याला.

साधारण २०१० च्या सुमारापर्यंत हा दिवा म्हणजे एक बारीक नळी असे, आपल्या ट्यूबलाइटची धाकटी बहीण. आत पाऱ्याची वाफ, काचेला आतून प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप. वापराने पारा काचेत व लेपात अडकत जातो, लेप निकामी होतो, टोकांचे विद्युतअग्र झिजतात. असा जुना मॉनिटर सुरू करताच लालसर दिसतो आणि उजळायला वेळ घेतो.

त्यानंतर एलईडी आले. १९९३ मध्ये नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी साधला. आकासाकी व आमानो यांच्यासह त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप दिला, की दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरे भासते. हा दिवा सहसा एकदम विझत नाही; रोज कणभर उतरतो. त्याचा मोठा शत्रू उष्णता. तिने दिव्याची शक्ती घटते आणि त्यावरचे पारदर्शक आवरण पिवळे पडते. आमचे दादा उजेड पूर्ण वाढवून, लॅपटॉप रजईवर ठेवून रात्र रात्र सिनेमे पाहत. आणखी काय सांगावे?

दिव्याचे आयुष्य बहुधा तासांत सांगतात: उजेड निम्मा होईपर्यंतचे तास. एलईडीसाठी ३०,००० हा आकडा पुष्कळदा आढळतो. रोज सहा तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १,८०० तास झाले; म्हणजे सोळा वर्षांहून अधिक. उजेड कमी ठेवला तर त्याहूनही जास्त. मात्र आपला डोळा मोठा समजूतदार आहे. निम्मा उजेड त्याला निम्मा वाटत नाही, तो सवय करून घेतो. म्हणून शेजारी नवा पडदा येईपर्यंत आपल्याला पत्ताच लागत नाही.

ओएलईडी पडद्याची तऱ्हा वेगळी. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो, त्यामुळे जो जास्त जळतो तो आधी थकतो; त्यातही निळा सर्वांत आधी. घड्याळासारखी सतत एकाच जागी असणारी चिन्हे मग सावलीसारखी उमटून राहतात. जुन्या काचेच्या मॉनिटरांनाही हाच रोग होता, आणि 'स्क्रीन सेव्हर' त्यावरचाच उपाय.

असो. पडदा म्हातारा ठरवण्यापूर्वी एक पाहावे: बॅटरी वाचवण्यासाठी यंत्र आपण होऊनही उजेड उतरवते. माझ्या बाबतीत तसे नव्हते. दुरुस्तीवाल्याने सांगितले, की मागचा दिवा सुटा बदलत बसण्यापेक्षा अख्खा पडदाच बदलावा लागेल. त्याचा भाव ऐकून मी घरी परतले आणि टेबल खिडकीसमोरून हलवून भिंतीकडे नेले. हा लेख त्याच पडद्यावर लिहिला आहे.