गाईची वेदना, गिधाडाचे मरण

दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमागे डोंगर सुरू होतात. शेजारच्या म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर अजूनही घरटी बांधतात, अशा कोकणातील मोजक्या ठिकाणांपैकी हे एक. एके काळी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की आकाशात घिरट्या सुरू होत आणि थोड्याच वेळात हाडे तेवढी उरत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत मात्र देशातील या जातीच्या हजार पक्ष्यांमागे जेमतेम एक उरला.

कोणाला साथीच्या रोगाचा संशय होता, कोणाला कीटकनाशकांचा. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उत्तर मिळाले : डायक्लोफेनॅक. माणसे सांधेदुखीवर घेतात तेच हे वेदनाशामक. गुरांच्या लंगडण्यावर आणि सुजेवर ते स्वस्तात मिळे. हेतू दयेचाच होता. परंतु सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात राहतो. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्ल खडूच्या पुडीसारखे यकृतावर आणि हृदयावर साचते आणि काही दिवसांत पक्षी मरतो. एका शवावर डझनावारी गिधाडे जमत. त्यामुळे शंभरात एकाहूनही कमी शवे दूषित असणे या संहाराला पुरेसे ठरले. मादी वर्षाला एकच अंडे घालते. तूट भरून निघणार कशी?

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोहोचतच राहिल्या. अखेर २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन ३ मिलीच्या एकाच मात्रेपुरते मर्यादित करावे लागले. अ‍ॅसिक्लोफेनॅक हे तर गुराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होते. त्यावर आणि किटोप्रोफेनवर जनावरांसाठी बंदी येण्यास २०२३ उजाडले.

चिरगावात महाडच्या 'सिस्केप' संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि ग्रामस्थ गिधाडांना मेलेली जनावरे पुरवीत आले आहेत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि परिसरातील असंख्य झाडे आडवी झाली. झाडे पुन्हा लावता येतात. खाद्य निर्धोक राखणे मात्र गोठ्यातल्या माणसाच्या हाती आहे.

येथे आपल्या पांजरपोळांचा संबंध थेट येतो. वृद्ध आणि जखमी जनावरे तेथे अखेरपर्यंत राहतात, आणि उपचार चालू असतानाच अनेकांचा अंत होतो. त्यांना वेदनेत ठेवावे असे कोणी म्हणणार नाही, आणि तशी गरजही नाही. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना निर्धोक असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झाले असून ते सहज मिळते. विश्वस्तांनी पशुवैद्यांकडून औषधाचे नाव विचारून घ्यावे, ते तारखेसह नोंदवहीत लिहावे आणि दुसरे वेदनाशामक दिलेले जनावर दगावल्यास त्याचे शव उघड्यावर न टाकता खोल पुरावे.