सायकलस्वाराची शिदोरी

बेळगावाहून गोव्याकडे सायकलीने निघालेला प्रवासी खानापूर आणि लोंढा मागे टाकून रामनगरला पोहोचतो, तेव्हा त्याच्या अंगात उत्साह पुष्कळ असतो. रामनगरची बाजारपेठ सोडली की अनमोडपर्यंत जंगलातला चढउतारांचा रस्ता आणि त्यापुढे खाली मोलेपर्यंत घाट. उतरताना घाटाचे काही वाटत नाही; परीक्षा होते ती परतीच्या चढावर. मागे आमच्या मंडळींतला एक धट्टाकट्टा तरुण याच चढावर सायकलीवरून उतरला आणि ‘तुम्ही जा पुढे, मी येत नाही’ असे चिडून म्हणाला. चिडण्याजोगे काहीच घडले नव्हते. मात्र सकाळी रामनगरात त्याने केवळ चहा घेतला होता.

ही चीड स्वभावाची नव्हे, उपाशी मेंदूची होय. आपले स्नायू आणि यकृत मिळून सुमारे 400 ते 500 ग्रॅम शर्करा ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवतात. जोराने सायकल हाकणाऱ्याला ती दीड-दोन तास पुरते. चरबीचा साठा त्याहून कितीतरी मोठा खरा, परंतु तो सावकाश जळतो. चढाची घाई त्याला सोसत नाही. यकृतातील शर्करा सरत आली की रक्तातील ग्लुकोज उतरते. मग हातपाय गळतात, घाम थंड होतो, विचार गोंधळतो. घाटाच्या वळणावर, मागून मालमोटार येत असताना, विचार गोंधळणे हे जिवावरचे संकट आहे.

म्हणून भूक लागण्याची वाट पाहू नये. पहिल्या तासापासूनच दर तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट वा शर्करा पोटात जावी. एका मध्यम केळ्यात सुमारे 25 ग्रॅम मिळते, 20 ग्रॅम गुळाच्या खड्यात त्याहून थोडे कमी. दशमी, खजूर, मऊ भातही चालेल. शेंगदाण्याची चिक्की सपाटीवर ठीक. चढावर रक्त स्नायूंकडे धावते आणि तेलकट पदार्थ पोटात नुसता पडून राहतो. घाटाच्या पायथ्याशी गरम भज्यांची बशी समोर येते खरी, पण तिचा मोह आवरावा!

पाण्याचे गणित थोडे निराळे आहे. उन्हात तहान लागते. पावसाळ्यात, अंग भिजलेले असताना, घाम दिसतच नाही आणि बाटली तशीच भरलेली राहते. सर्वसाधारणपणे तासाला अर्धा ते पाऊण लिटर पुरे. प्रवासापूर्वी आणि नंतर वजन करून पाहावे; घटलेला एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम. उलटपक्षी, नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम विरळ होते, आणि तेही प्राणघातक ठरू शकते.

एक लिटर पाण्यात 50 ते 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू. एवढ्याने काम भागते. कोकमाचे आगळ घातल्यास मीठ बेताने टाकावे, कारण त्यात ते आधीच असते. साखर आणि मीठ एकत्र असले की आतडे पाणी झपाट्याने शोषते. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या असंख्य रुग्णांना मृत्यूच्या दाढेतून काढले. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका सायकलीने ओलांडण्याची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. इतके अंतर साठ्यावर तोडता येत नाही. ते चालता चालता खाऊनच तोडावे लागते. मधुमेही मंडळींनी मात्र हे प्रमाण आपल्या वैद्याला विचारूनच ठरवावे.

आमच्या त्या तरुणाला आम्ही रस्त्याच्या कडेला सावलीत बसवले, गुळाचा खडा दिला, घोट घोट सरबत पाजले आणि दोन केळी खाऊ घातली. वीसेक मिनिटांनी त्याने स्वतःच विचारले, ‘अनमोड अजून किती लांब आहे हो?’