साडेब्याण्णव टक्के पुरेसे का नाहीत?

अमेरिकेत मोठी माणसे लस टोचून घ्यायला दरवेळी दवाखान्यात जातातच असे नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट लस टोचू शकतो. साबण, दूध, वर्तमानपत्र घ्यायला गेलेला माणूस जाता जाता फ्लूची लसही टोचून येतो. लस अशी सहज हाताशी असली की लोक ती घेतात, हा तिथला अनेक वर्षांचा अनुभव.

२०२५ च्या ऑगस्टअखेर या काउंटरवरून लोक परत जाऊ लागले. कोविडची त्या वर्षीची नवी लस बाजारात आली होती, पण डझनाहून अधिक राज्यांत मोठ्या औषध दुकानांनी सांगितले, ‘डॉक्टरांची चिठ्ठी आणा’; काही राज्यांत तर ‘सध्या देता येत नाही’. आदल्या वर्षी याच दुकानात, याच माणसाला, काहीही न विचारता लस मिळालेली होती. लस संपली नव्हती आणि कारखानाही बंद पडला नव्हता. मग अडले कुठे? लोक चिडले, आणि ते साहजिक होते. पण ही अडचण समजून घ्यायची तर काउंटरच्या बरेच मागे जावे लागते.

अमेरिकेत कोणती लस कोणी, केव्हा घ्यावी याची शिफारस १९६४ पासून तज्ज्ञांची एक सल्लागार समिती करते. नावाप्रमाणे ती सल्लाच देते. कायदा करत नाही. पण काळाच्या ओघात या सल्ल्याला बऱ्याच गोष्टी बांधल्या गेल्या. फार्मासिस्टने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणती लस टोचावी, हे अनेक राज्यांच्या कायद्यात ‘समितीने शिफारस केलेली’ या शब्दांवर ठरते. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानुसार समितीने शिफारस केलेल्या लसींचा खर्च विमा कंपन्यांनी रुग्णाकडून काही न घेता उचलायचा असतो. गरीब मुलांना मोफत लस देणाऱ्या सरकारी योजनेत कोणत्या लसी असाव्यात, हेही समितीच्या मतदानाने ठरते. विहिरीवर रहाट एकच, आणि त्यावर साऱ्या गावाच्या घागरी, असा हा प्रकार. रहाट चालतो तोपर्यंत तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

मे २०२५ मध्ये निरोगी मुले आणि निरोगी गर्भवती यांच्यासाठी कोविड लसीची शिफारस मागे घेत असल्याचे तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. ९ जूनला समितीच्या सर्वच्या सर्व १७ सदस्यांना काढून टाकण्यात आले व नवे नेमले गेले. २७ ऑगस्टला औषध प्रशासनाने नव्या लसीला मंजुरी दिली, पण ती ६५ वर्षांवरील लोकांसाठी आणि त्याहून लहानांपैकी ज्यांना काही आजारांमुळे धोका जास्त आहे त्यांच्यासाठी. नव्या समितीची शिफारस तेव्हा झालेलीच नव्हती. शिफारस नाही, म्हणून फार्मासिस्टला अधिकार नाही. अधिकार नाही, म्हणून ग्राहक परत. काउंटरवरच्या माणसाचा यात काही दोष नव्हता, पण शिव्या त्यालाच खाव्या लागल्या.

राज्यांनी आपापल्या परीने वाट काढली. कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी ३ सप्टेंबरला एकत्र येऊन स्वतःच्या शिफारशी काढायचे ठरवले. हवाई लगेच त्यांना मिळाले. ईशान्येकडच्या राज्यांनीही असाच गट केला. न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांनी नियम बदलून फार्मासिस्टचा मार्ग मोकळा केला. उलट फ्लोरिडाने त्याच ३ सप्टेंबरला शाळाप्रवेशासाठीची सर्व लससक्ती काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला. एकाच देशात, राज्याची सीमा ओलांडली की नियम वेगळा. गोवराच्या विषाणूला मात्र राज्याची सीमा कळत नाही, आणि आता त्याच्याकडेच वळायचे आहे. कोविडच्या लसीवरून वाद गाजले. पण संरक्षण कुठे झिजले आहे हे सर्वांत आधी दाखवून देतो तो गोवरच.

गोवर हा माणसाला माहीत असलेल्या सर्वांत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत टिकू शकतो. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून मूल रोग पसरवू लागते, म्हणजे आई म्हणते ‘थोडी सर्दी आहे’ आणि मूल शाळेत येते तेव्हाच. कोणालाच प्रतिकारशक्ती नाही अशा वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. आपण गणितासाठी १५ धरू.

हे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर सहज करता येते. साथ वाढू नये यासाठी एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी जणांना रोग व्हायला हवा. रुग्ण १५ जणांपर्यंत पोचतो. त्यांतल्या १४ जणांना प्रतिकारशक्ती असेल, तर उरतो एकच. १५ पैकी १४ म्हणजे सुमारे ९३ टक्के. पण लस टोचलेल्या प्रत्येकालाच प्रतिकारशक्ती येते असे नाही. दोन मात्रा घेतलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांना ती येते. तेव्हा १०० पैकी ९३ जण सुरक्षित हवे असतील, तर ९६ जणांना लस टोचलेली हवी. ‘गोवरासाठी ९५ टक्के लसीकरण हवे’ असे जे आपण नेहमी वाचतो ते असे आलेले आहे. कोणा अधिकाऱ्याने उद्दिष्ट म्हणून घातलेला हा गोल आकडा नव्हे. कमी संसर्गजन्य रोगाला याहून कमी टक्के पुरतात.

अमेरिकेत बालवाडीत येणाऱ्या मुलांपैकी गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेली मुले २०१९-२० साली ९५.२ टक्के होती. २०२४-२५ साली ती ९२.५ टक्के झाली. पावणेतीन टक्क्यांची घट! परीक्षेत इतक्या फरकाने वर्गही बदलत नाही. मग एवढा गलबला कशाला?

त्याचे उत्तर सरासरीत दडले आहे. मुलांना असे उदाहरण घाला: एका गावात दहा शाळा, प्रत्येकीत शंभर मुले. नऊ शाळांत ९७ मुलांना लस टोचलेली आहे, दहाव्या शाळेत फक्त ५२ जणांना. गावाची सरासरी काढा. ती बरोबर ९२.५ येईल. कागदावर गाव ‘बऱ्यापैकी’ आहे, आणि दहाव्या शाळेत जवळजवळ अर्धी मुले उघडी आहेत. त्यातही लस न घेतलेली कुटुंबे सहसा एकमेकांच्या शेजारी राहतात, एकाच शाळेत, एकाच प्रार्थनेला जातात. विषाणूची गाठ पडते ती वस्तीशी; देशाची सरासरी त्याला कुठे भेटत नाही.

टेक्सास राज्याच्या पश्चिमेला गेन्स नावाचा परगणा आहे. तिथे २०२३-२४ साली बालवाडीतल्या सुमारे ८२ टक्के मुलांनाच लस मिळालेली होती. २००३ पासून टेक्सासमध्ये ‘विवेकबुद्धीला पटत नाही’ या कारणानेही सूट मिळते. आपले गणित इथे लावू. ८२ चे ९७ टक्के म्हणजे सुमारे ८० मुले सुरक्षित, २० उघडी. पंधराचा एक पंचमांश म्हणजे तीन. एकाचे तीन, तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस, मग एक्क्याऐंशी. दोन पिढ्यांमधले अंतर दीड-दोन आठवडे धरले, तर दोन-अडीच महिन्यांत रुग्ण शेकड्यांत जातात. प्रत्यक्षात लोक मुलांना घरी ठेवतात, घाईने लस टोचून घेतात, म्हणून वाढ याहून मंद होते. तरी जानेवारी २०२५ मध्ये तिथे सुरू झालेली साथ ऑगस्टमध्ये संपल्याचे जाहीर झाले, तोवर टेक्सासमध्ये ७६२ रुग्ण नोंदले गेले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक या एका परगण्यातले. शाळकरी वयाची दोन मुले दगावली. त्या वर्षी साऱ्या अमेरिकेत गोवराचे दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले. ज्या देशाने २००० साली गोवराचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले होते, त्या देशाची ही गोष्ट आहे. शेजारच्या कॅनडाने तर असा दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला, कारण तिथे संसर्गाची एकच साखळी वर्षभराहून अधिक काळ तुटली नाही.

‘ज्यांनी लस नाकारली ते भोगतील, बाकीच्यांना काय?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि तो टाळू नये. अमेरिकेत गोवराची पहिली मात्रा १२ ते १५ महिन्यांच्या वयात देतात. त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असू शकतात आणि ती लसीतल्या विषाणूलाच निष्प्रभ करतात. (आपल्याकडे पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण वाट पाहण्याइतकी उसंत इथला गोवर देत नाही.) म्हणजे प्रत्येक मूल आयुष्याचा पहिला काही काळ स्वतःच्या लसीशिवाय, केवळ भोवतालच्या माणसांच्या भरवशावर काढते. सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात एक शाळकरी मूल मेंदूच्या विकाराने मरण पावले. गोवर होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी क्वचित उद्भवणारा आणि बहुधा प्राणघातक ठरणारा हा विकार आहे. त्या मुलाला गोवर झाला होता तो तान्हेपणी, लस घेण्याचे वय होण्याआधी. त्याच्या आईवडिलांनी काही नाकारले नव्हते.

आणखी एक गोष्ट अलीकडे स्पष्ट झाली आहे. गोवराचा विषाणू शरीराची जुनी रोगस्मृतीही पुसतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लस न घेतलेल्या मुलांचे गोवरापूर्वीचे व नंतरचे रक्त तपासले असता इतर रोगांविरुद्धची त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. ‘गोवर येऊन गेला की मूल दणकट होते’ ही समजूत आपल्याकडेही आहे. खरे त्याच्या उलट आहे.

टेक्सासमधले प्रकरण बव्हंशी लस नाकारण्याचे होते. पण नाकारणे आणि न मिळणे या दोन गोष्टी एकाच टोपलीत टाकू नयेत. १९८९ ते १९९१ या काळातही अमेरिकेत गोवर उसळला होता. सुमारे ५५ हजार रुग्ण, १२३ मृत्यू. तेव्हाची बहुतेक रुग्णबालके शहरांतल्या गरीब वस्त्यांतली, शाळेत जाण्याच्या वयाआधीची होती. त्यांच्या पालकांचा लसीला विरोध नव्हता. विमा नव्हता, पैसे नव्हते, दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच होती. त्या मृत्यूंनंतर १९९३ साली कायदा होऊन १९९४ पासून गरीब व विमा नसलेल्या मुलांना मोफत लस देणारी योजना सुरू झाली. आज अमेरिकेतली जवळपास निम्मी मुले तिच्या कक्षेत येतात. १९९४ ते २०२३ या काळात जन्मलेल्या अमेरिकन मुलांचे नित्याच्या लसींमुळे सुमारे ११ लाख अकाली मृत्यू टळतील, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा २०२४ मधला अंदाज आहे. टळलेला मृत्यू कोणाला दिसत नाही, हीच या कामाची पंचाईत. अंदाजपत्रकात काट मारायची वेळ आली की अशा कामाची आठवण प्रथम होते. मार्च २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना दिलेला सुमारे ११ अब्ज डॉलरचा आरोग्यनिधी मागे घेतला. तेव्हा टेक्सासमध्येच, गोवराची साथ चालू असताना, डॅलस परगण्याला पन्नासाहून अधिक लसीकरण शिबिरे रद्द करावी लागली.

शंका पेरणाऱ्यांचे काम त्यामुळे सोपे होते. गोवराच्या लसीने स्वमग्नता येते हा दावा १९९८ च्या एका निबंधावर उभा होता. तो निबंध २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासून २०१९ साली असा संबंध नसल्याचे दाखवण्यात आले. पण घराजवळचे लसकेंद्र बंद झाले, विमा पैसे देईल की नाही हे कळेना, आज एक नियम तर उद्या दुसरा, असे झाले की साशंक नसलेला पालकही ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतो. माझ्या मते दरवाजावरच्या गोंधळाने होणारे नुकसान प्रचाराने होणाऱ्या नुकसानापेक्षा कमी नाही, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

याची प्रचिती मुंबईने २०२२ च्या अखेरीस घेतली. गोवंडी-देवनार भागात गोवराची साथ आली, मुले दगावली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण सापडले. कोविडच्या दोन वर्षांत नित्याचे लसीकरण विस्कळीत झाले होते, आणि ते केवळ आपल्याकडे नव्हे: २०२१ या एका वर्षात जगभरातल्या सुमारे चार कोटी मुलांची गोवराची एक तरी मात्रा चुकली होती. लस फुकट होती, पण फुकट असणे म्हणजे हाती पडणे नव्हे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला लसीच्या दिवशीचा खाडा परवडत नाही. भाड्याची खोली बदलली की आरोग्यसेविकेच्या यादीतले घर हरवते. साथ आल्यावर यंत्रणेला घरोघर फिरून मुले शोधावी लागली आणि जादा मात्रा द्याव्या लागल्या.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. चुकलेली मात्रा पाच वर्षांपर्यंत मोफत मिळते. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातल्या पाच वर्षांखालील भावंडांची माता-बाल संरक्षण कार्डे पाहून दुसऱ्या मात्रेच्या चौकोनात तारीख आहे की नाही एवढेच लिहून आणले, तर टक्केवारीचा धडा शिकवायला खरे आकडे मिळतात. आकडे गल्लीवार मांडावेत, सगळ्यांची एक सरासरी काढून थांबू नये. ज्या गल्लीत चौकोन रिकामे दिसतील, तिचे नाव आशाताईंना सांगता येते.