राजधानीची एक फेरी

सीताबर्डीची लढाई मीं वर्गांत तीस वर्षें शिकविली. ती टेकडी मात्र साठी उलटल्यावर पाहिली! राजूरच्या कोळशाच्या धुळींतून निघून नातवंडांसह नागपूर गांठलें तें २६ जानेवारीस. कारण किल्ला लष्कराच्या ताब्यांत असून लोकांस वर्षांतून मोजक्याच दिवशीं खुला असतो. १८१७ च्या नोव्हेंबरांत येथेंच आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांपुढें हरली.

"आजोबा, टेकडी एवढीच?" नातीनें विचारलें. फळ्यावर मीं ती केवढी तरी उंच काढीत असें!

तेथून भोसल्यांची महाराजबाग. तेथें आज प्राणिसंग्रहालय आहे; मुलें रमलीं, आम्हांस सावली मिळाली. वाटेंत मुलांनीं तर्रीपोहे चापले. पथ्यामुळें माझे पोहे बिनतर्रीचे. घरच्या मंडळींकरितां संत्राबर्फी घेतली.

१८६१ त मध्यप्रांताची राजधानी झालेल्या या नगराचा तो मान १९५६ त गेला. आतां तें महाराष्ट्राची उपराजधानी म्हणून हिवाळी अधिवेशन भरवितें. मान जातात, स्थळें राहतात.

वाचकहो, मुलांकडून सनावळी घोकून घेण्यापूर्वीं त्यांस एकदां स्थळ दाखवा. माझे विद्यार्थी त्यास मुकले, ही रुखरुख मला जन्मभर राहील.