वंगण, धूळ आणि पाणी

तेल की ग्रीस? तेल वाहतं, उष्णता वाहून नेतं, गाळता येतं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्टकात धरलेलं तेल. ते जागेवर टिकतं, धुळीला थोपवतं. लिथियम घट्टकाचं आणि पॉलियुरिया घट्टकाचं ग्रीस एकत्र झालं, तर बहुतेकदा पातळ होऊन गळतं.

‘व्हीजी ४६’ ही तेलाची श्रेणी : ४० अंश सेल्सिअसला सुमारे ४६ सेंटिस्टोक घट्टपणा. चंद्रपुरात मे महिन्यात ४० अंश सावलीतच ओलांडले जातात. चालत्या यंत्रातलं तेल त्याहून गरम, म्हणून आणखी पातळ.

धूळ कुठली? दुर्गापूर-पद्मापूरच्या खुल्या कोळसा खाणी, चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉट महाऔष्णिक केंद्राची राख, राजुरा-कोरपना पट्ट्यातलं सिमेंट, गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज.

कोळसा मऊ, पण त्यासोबत येणारी सिलिका काचेवर ओरखडा काढते. बॉल बेअरिंगमधला तेलाचा थर साधारण १ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. खरा घात करतो तो डोळ्यांना न दिसणारा कण.

आयएसओ ४४०६ : तेलाच्या स्वच्छतेचं मापन. १८/१६/१३ हे संकेत-आकडे १ मिलिलिटर तेलातल्या अनुक्रमे ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांचे. आकडा १ने वाढला की कण दुप्पट.

पावसाळ्यात :
• तेल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय.
• टाकीच्या ब्रीदरमधली (हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडातली) निळी सिलिका जेल गुलाबी झाली की बदलायची.
• उघड्यावरचं बॅरल आडवं ठेवतात. उभ्या बॅरलच्या झाकणावर साचलेलं पाणी बुचातून आत ओढलं जातं.