खुडूक कोंबडीची किंमत

कोंबडी खुडूक झाली हे आधी कानाला कळतं. एरवी अंडं घातल्यावर सारं आवार डोक्यावर घेणारी ती घोगऱ्या आवाजात तुटक तुटक बोलू लागते. पिसं फुलवून चालते, तिन्हीसांजेला दांडीवर चढायचं सोडून अंड्यांच्या जागीच बसून राहते, आणि पोटाखाली हात घातला की टोचते. जुन्नरच्या पश्चिमेला, भातखाचरांच्या पट्ट्यात माझं आजोळ आहे. तिथे हा आवाज ऐकला की मामी खूश होते. नुसती अंडी विकण्यासाठी कोंबड्या पाळणाऱ्याला मात्र तो तोट्याचा वाटतो, कारण खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते. मग तिला पाण्यात बुडवून काढ, नाकात पीस खोच, डालग्याखाली उपाशी ठेव, असे उपाय होतात. मामी यातलं काही करत नाही. "अंडी देणाऱ्या पुष्कळ हायेत, बसणारी एखादीच असती," असं तिचं म्हणणं. तिच्याकडे अंडी कशी बसवतात ते जवळून पाहत गेले तसं मलाही ते पटत गेलं.

कोंबडीचं हे बसणं शरीरातून येतं. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं, पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडते आणि तिथला रक्तपुरवठा वाढतो. ही उघडी, गरम कातडी थेट अंड्याला टेकते. यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास जी ऊब काटेकोर सांभाळावी लागते, ती कोंबडी नुसत्या बसण्याने देते.

पण अंडी लगेच तिच्याखाली जात नाहीत. आधी तिची परीक्षा होते. मामी दोनेक दिवस तिला एखाद-दुसऱ्या अंड्यावर बसू देते. कोंबडी जागा सोडत नाही असं दिसलं की मग खरी अंडी बाहेर येतात. ती नाचणीच्या मडक्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली असतात. आठवड्याहून जुनी अंडी ती घेत नाही, कारण अंडं शिळं होत जातं तशी पिल्लू निघण्याची आशा कमी होते. फार मोठं, फार लहान, तडकलेलं अंडंही बाजूला. मळकं अंडं पाण्याने धुवायचं नाही. कवचावर जंतूंना अडवणारा पातळ थर असतो, तो धुण्याने जातो. कोंबडीच्या अंगाखाली पुरती झाकली जातील तेवढीच, म्हणजे दहा-बारा अंडी ठेवायची. हाव धरून जास्त ठेवली तर कडेची गार पडतात, आणि कोंबडी अंडी आतबाहेर फिरवत असल्याने आज कडेला असलेलं उद्या मध्ये जातं. गारठण्याची पाळी सगळ्यांवरच येते.

बसायची जागा घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. पसरट टोपलीत तळाला चुलीची चाळलेली राख, तिच्यावर निरगुडीचा पाला आणि वर भाताचा मऊ पेंढा. राख आणि पाला उवा-पिसवांसाठी. हे बारीक काम वाटलं तरी महत्त्वाचं आहे. उवांनी हैराण झालेली कोंबडी अर्ध्यातच अंड्यांवरून उठते. टोपलीत अंडी मांडून कोंबडीला त्यावर ठेवतात ते रात्री. अंधारात ती बुजत नाही, आणि सकाळी उजाडतं तेव्हा जागा तिची झालेली असते.

पुढचे २१ दिवस कोंबडीचे. दिवसातून एकदा ती उठते, पंधरा-वीस मिनिटांत खाते, पाणी पिते, धुळीत लोळते, विष्ठा टाकते आणि परत येते. मामी तिला कणी नव्हे, ज्वारी किंवा मका असं पोटाला आधार देणारं अख्खं धान्य घालते, कारण या काळात कोंबडी वजनाने उतरते. एखादी फारच चिकटून बसली तर तिला उचलून दाण्यांपाशी ठेवावं लागतं. उचलण्याआधी पंखांखाली बोटं फिरवून घ्यायची, नाहीतर पंखात अडकलेलं अंडं खाली पडून फुटतं. बसल्याबसल्या ती चोचीने अंडी उलटीपालटी करते. तसं झालं नाही तर वाढता गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतो.

सातव्या-आठव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडात पाहायची. पूर्वी हेच दिव्यासमोर मुठीत धरून करत. जिवंत अंड्यात मध्ये काळसर ठिपका आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं दिसतं. नुसतंच स्वच्छ दिसलं तर ते अंडं फळलेलं नाही. अशी अंडी काढून टाकतात, कारण उबेत कुजून ती फुटली तर सबंध टोपली नासते. शेवटच्या तीन दिवसांत मात्र अंड्यांना हात लावायचा नाही.

विसाव्या दिवसाच्या सुमारास कान टोपलीशी नेला तर अंड्यातून बारीक चिवचिव येते. पिल्लाने रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घातलेली असते आणि ते पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेत असतं. वरून कोंबडी हळू आवाजात बोलते. पिल्लू बाहेर येण्याआधीच आईचा आवाज ओळखू लागतं. मग कवचाला पहिला टवका पडतो. चोचीच्या टोकावर त्यासाठीच कठीण कण असतो, तो नंतर गळून पडतो. टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत अर्धा दिवस, कधी एक दिवसही जातो, आणि बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. माझा हात पुढे गेला तेव्हा मामी म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोरी, त्याचं त्याला येऊ दे." तिचं बरोबर होतं. या वेळात पिल्लाच्या पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त अंगात परतत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने कवच सोललं तर रक्तस्राव होतो.

पोटातला हा बलक पिल्लाला दोन दिवस पुरतो. म्हणून पहिलं पिल्लू निघालं तरी कोंबडी उठत नाही. बाकीची निघेपर्यंत थांबते. पहिल्या दिवशी दाणा घालायची घाई कुणी करू नये. मग ती पिल्लांना घेऊन उतरते तेव्हा बारीक कणी, भरडलेली नाचणी आणि फोडलेल्या वारुळातली वाळवी त्यांच्यापुढे येते. कोंबडी दाणा उचलते, खाली टाकते, बोलावते. काय खायचं हे पिल्लं अशी शिकतात. पाण्याची थाळी उथळ हवी आणि तिच्यात खडे हवेत. बोटभर पाण्यातही पिल्लू भिजून गारठतं, बुडतं.

पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही. आईविना वाढवायचं तर पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३२ ते ३५ अंशांची ऊब द्यावी लागते आणि पुढे ती उतरवत न्यावी लागते. इथे पिल्लू स्वतःच आईच्या पंखाखाली शिरतं आणि ऊब झाली की बाहेर येतं. आकाशात घार दिसली की कोंबडी एकच आवाज काढते आणि सगळी पिल्लं झुडपाखाली गडप होतात. तरी माणसाचं काम संपत नाही. पहिले आठ-दहा दिवस मायलेकरांना डालग्याखाली डालावं लागतं. रात्री खुराड्याचं दार बंद करावं लागतं, कारण मुंगूस आणि मांजर वाटच पाहत असतात. आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग आईला अडवता येत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब पडायलाच हवा. या एका थेंबाच्या आळसापायी सगळं परसू रिकामं होतं.

पिल्लं दोनेक महिन्यांची झाली की आई त्यांना टोचून दूर करते आणि पुन्हा अंड्यावर येते. वर्षाची अंडी मोजली तर ही गावठी कोंबडी व्हाइट लेगहॉर्नपुढे कुठेच नाही. लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात जाते. पण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातलं खुडूक होणं जवळजवळ काढून टाकलेलं आहे. तिची पुढची पिढी यंत्रातूनच येते. परसासाठी तयार केलेल्या गिरिराज, वनराज या जाती चांगल्या आहेत, झपाट्याने वाढतात. पण त्यांची पिल्लंही पुन्हा पुन्हा उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास होते. ते पाळणाऱ्या किती घरांना पुढची पिल्लं विकत आणणं परवडतं, हा प्रश्न अंड्यांच्या आकड्याइतकाच मोठा आहे.

मामीला वीज, यंत्र, वाहतूक, उधारी यांतलं काही लागत नाही. एक कोंबडी, टोपलीभर पेंढा आणि लक्ष. म्हणून परसात नवी जात आणावी, जरूर आणावी; पण नीट बसणारी आणि पिल्लं सांभाळणारी गावठी कोंबडी पाहुण्यासाठी कापू नये, बाजारात नेऊ नये. तिच्या पायात रंगीत दोरा बांधून ओळख ठेवावी आणि तिच्याच तलंगांपैकी दोन-तीन वाढवाव्यात. मामी असंच करते, आणि तिचं खुराडं पिल्लं विकत न आणता भरलेलं राहतं.