बदली नावाची शिक्षा

पुण्या-मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत ‘विदर्भात पाठवीन’ हे वाक्य कोणत्या सुरात उच्चारले जाते, हे नोकरदार वर्गाला निराळे सांगावयास नको. त्यातही आमचे उमरखेड म्हणजे विदर्भाचे अगदी टोक. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो आणि यवतमाळपेक्षा नांदेडच जवळ पडते. बिटरगावकडच्या अभयारण्यालगतच्या गावांना तर लोक ‘बंदी भाग’ म्हणूनच ओळखतात. अशा ठिकाणी एखादा नवा अधिकारी हंगाम नसताना रुजू झाला की गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, की याने तिकडे काय केले होते? पैसे खाल्ले होते, की कोणाला खरे सांगितले होते? दोन्ही अपराधांची शिक्षा एकच असल्यामुळे उत्तर चेहऱ्यावरून कळत नाही.

वरिष्ठाला त्याच्या तोंडावर खरे सांगण्याची थोरवी आम्ही शाळेत फार शिकवितो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारे रामशास्त्री प्रभुणे प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असतात. परंतु रामशास्त्र्यांचे उदाहरण आजच्या नोकरदाराच्या फारसे उपयोगी पडणारे नव्हे. ते पद सोडून निघून जाऊ शकले. ज्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे आणि ज्याची मुलगी बारावीला आहे, त्याला पद सोडता येत नाही. त्याला बोलून पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच कचेरीत त्याच साहेबांसमोर बसावयाचे असते.

त्याच्या दृष्टीने महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र अधिक जवळचे आहे. विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून इंग्रजांना उणे लेखले, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी समज तर दिलीच, शिवाय सहा महिने शिष्यवृत्तीही बंद केली. पुढे पुण्यात न्यायाधीश असताना सार्वजनिक सभेच्या कामातील त्यांचा हात सरकारला खुपू लागला. १८७८ साली त्यांना नाशिकला आणि १८७९ साली, वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला हलविण्यात आले. त्या काळचे धुळे म्हणजे आजच्या भाषेत ‘साइड पोस्टिंग’. तेथे त्यांची पत्रे फोडली जात. रानड्यांनी नोकरी सोडली नाही, की लिहिणेही थांबविले नाही. १८९३ साली ते उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. मात्र सभेच्या त्रैमासिकात त्यांचे कितीतरी लेखन नावाशिवाय छापले जाई, ही गोष्ट आपण गौरवाच्या भाषणांत सहसा सांगत नाही. त्यात भित्रेपणा होता असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. दीर्घकाळ बोलत राहावयाचे तर आवाज कोठे, किती आणि कोणत्या कागदावर उमटवावयाचा याचा हिशेब ठेवावाच लागतो.

हा हिशेब न ठेवणाऱ्याचे काय होते, याचे अलीकडचे उदाहरण मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांचे. अनधिकृत बांधकामे पाडण्याच्या त्यांच्या धडाडीवर लोक खूष होते. परंतु त्यांनी जाहीर सभांतून थेट तत्कालीन मुख्यमंत्र्यांवर आरोप करण्यास प्रारंभ केला आणि १९९४ साली ते निलंबित झाले. सेवेत परत आले ते २००० साली, आणि नंतर दोनच वर्षांत निवृत्त झाले. त्यांचे आरोप सिद्ध झाले नाहीत, आणि हा मुद्दा त्यांच्या चाहत्यांनीही नीट लक्षात घ्यावयास हवा. स्पष्टोक्ती पुराव्याच्या पुढे धावली की ती दडपणाऱ्यांचेच काम सोपे होते. याउलट पाटबंधारे खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली सिंचन प्रकल्पांवरील उधळपट्टीबद्दल राज्यपालांना व मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली. पत्र लिहिणारा त्याच विषयातला जाणता होता आणि लिहिले होते ते वर, योग्य त्या ठिकाणी. त्या वर्षीच्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे श्वेतपत्रिका निघाली, चौकशी समिती नेमली गेली. उपमुख्यमंत्री डिसेंबरात पुन्हा पदावर आले. पांढरे मात्र स्वेच्छानिवृत्तीच्या वाटेने खात्याबाहेर पडले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००५ चा बदल्यांविषयीचा राज्याचा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलात आला. त्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा; सचिवालयाबाहेरील ‘क’ गटातील कर्मचाऱ्याला एका कार्यालयात असे दोन कार्यकाल मिळतात. बदल्या एरवी फक्त एप्रिल-मे महिन्यांत व्हावयाच्या. एवढे वाचून कारकुनाने निश्चिंत व्हावे, तोच पुढचे कलम येते. विशेष कारणे लेखी नमूद करून, वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन, बदली केव्हाही करता येते. ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दांच्या पोटात काय काय मावते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे! २००८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, शिक्षेच्या ऐवजी केलेली बदली ही बेकायदा होय, असा निर्वाळा दिला. ते प्रकरण केंद्रीय अबकारी खात्यातील एका अधिकाऱ्याचे होते. निनावी तक्रारीवरून त्याला भोपाळहून हलविण्यात आले होते. कोठे, तर शिलाँगला. दिल्लीच्या नकाशावरही एक उमरखेड असतेच.

बदलीहून सूक्ष्म हत्यार गोपनीय अहवालाचे. वाईट शेरा मारला तर तो कळवावा लागतो, मग उत्तर येते, वाद होतो. म्हणून शहाणा साहेब वाईट शेरा मारीतच नाही. तो ‘चांगला’ असे लिहितो. पदोन्नतीला ‘अत्युत्तम’ लागत असेल तर या एका ‘चांगल्या’ शब्दाने माणूस जागच्या जागी थिजतो आणि का थिजला हेही त्याला कळत नाही. सीमा सडक संघटनेतील एका अभियंत्याचे असेच झाले होते. त्याच्या प्रकरणात २००८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्येक शेरा संबंधिताला कळविलाच पाहिजे, असे ठरविले. ज्यांना आपला अहवाल मागून घेण्याचा संकोच वाटतो त्यांनी तो संकोच सोडावा.

शिक्षकांची तऱ्हा थोडी वेगळी. जिल्हा परिषदेच्या बदल्यांसाठी २०१७ साली अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रे ठरवून संगणकावरून बदल्यांची पद्धत आली, तेव्हापासून ‘बंदी भागात टाकतो’ म्हणणाऱ्याच्या हातातील छडी बरीच बोथट झाली. खाजगी संस्थेतील शिक्षकाला मात्र एकच शाळा आणि एकच संस्थाचालक. १९७७ च्या अधिनियमाने त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. पण ते बडतर्फी, पदावनती, ज्येष्ठता डावलणे अशा मोठ्या गोष्टींसाठी. वेळापत्रकातील शेवटचे सगळे तास, नको ते वर्ग, सहलीच्या हिशेबाचे शुक्लकाष्ठ आणि शिक्षकगृहात एकाएकी पसरणारी शांतता यांवर अपील नाही. या शांततेत सहकारीही सामील असतात. बोलणाऱ्याला एकांतात ‘सर, बरे बोललात’ असे सांगणारे बैठकीत वहीत डोके घालून बसलेले असतात.

उमरखेडला या सर्व प्रकारात जे मिळते, ते असे. शिक्षा म्हणून आलेला भ्रष्ट माणूस येथेही आपला धंदा मांडतो, आणि लोक दूर असल्यामुळे तक्रार वर पोहोचण्यास वेळ लागतो. शिक्षा म्हणून आलेला प्रामाणिक माणूस बिऱ्हाड आणीत नाही. मुले पुण्या-नागपूरला, स्वतः भाड्याच्या खोलीत, आणि शनिवारी गाडी. कित्येक महिने जागा रिकामी आणि कारभार ‘प्रभारी’ नावाच्या, दोन तालुक्यांना पुरविल्या जाणाऱ्या माणसाकडे. पैकी दुसऱ्या माणसाचे दुःख प्रस्तुत लेखकाला अधिक वाटते, आणि ते केवळ त्याच्यासाठी नव्हे. एकदा खरे बोलून तो येथवर आलेला असतो. ईसापूरच्या धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला का पोहोचत नाही, रोजगार हमीच्या हजेरीपटावरची नावे कोणाची, शाळेच्या पटावरील मुले प्रत्यक्षात किती, हे सर्व त्याला पहिल्या तीन महिन्यांतच दिसते. अहवालाचा नमुना समोर असतो. ‘अभिप्राय’ या रकान्यात तो ‘निरंक’ लिहितो आणि बदलीचा अर्ज टंकलेखनास देतो.